पिल्लांची वेळ

१

मजलेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात, या मजल्यावरून त्या मजल्यावर जाण्यात गेली, म्हणून कामावरच्या लोकांनी ते चिकटवलं. पुढे शेजारीपाजारी आणि पोस्टमनसुद्धा मजलेकरच म्हणायला लागले. माणूस सरळ, पण हट्टी. एखाद्या इमारतीतून फोन यायचा की, लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर थांबते, दार उघडतं, बाहेर कुणी नसतं, आणि तिथल्या आजी मागच्याच महिन्यात गेल्या. मजलेकर हत्यारांची पिशवी घेऊन जायचे, पाऊण तास खटपट करायचे आणि एक काळवंडलेला रिले, म्हणजे विजेचा छोटा खटका, हातात घेऊन खाली यायचे. "ह्या तुमच्या आजी," असं म्हणून तो वॉचमनच्या टेबलावर ठेवायचे.

घरातल्या मागच्या खोलीत मात्र ते फारसे फिरकत नसत. लेक लग्न होऊन गेली तशी ती खोली बायकोनं ताब्यात घेतली. बायको शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळायची. सकाळची शाळा, तीनच्या आत घरी. त्या खोलीत तिनं खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तीत क्लाऊनफिशची जोडी सोडली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. मादी मोठी, तोऱ्यात फिरणारी, ती 'बाईसाहेब'. नर अर्ध्या आकाराचा. बाईसाहेबांनी फरशीच्या तुकड्यावर अंडी घातली की हा दिवसभर त्यांच्यापुढे उभा राहून परांनी वारा घालत बसायचा, म्हणून तो 'कारकून'.

ही अंडी अंधार पडल्यावर तासाभरात फुटतात. जागरण कोण करणार, म्हणून तिनं टाकीची रात्रच दुपारी आणून ठेवली होती. खिडकीला काळा पुठ्ठा, दिवे टायमरवर. दुपारी चारला टाकीत रात्र व्हायची आणि पुठ्ठ्यापलीकडे, पाच मजले खाली, पोरं क्रिकेट खेळत असायची. अंडी फुटायला लागली की ती आतून हाक मारायची, "अहो, या ना. बघा तरी."

"आलो, आलो," म्हणत मजलेकर पेपरचं पान उलटायचे.

अशा बारा खेपा झाल्या. ते एकदाही गेले नाहीत.

तेराव्या खेपेची अंडी रविवारी पडली. बुधवारी शाळेचा जिना चढता चढता तिला बरं वाटेना, म्हणून ती पायरीवर बसली, ती उठलीच नाही. हातातली काचेच्या नळ्यांची पेटी तिनं आधी बाजूला नीट ठेवली होती. एकही नळी फुटली नव्हती. हे मजलेकरांना मुख्याध्यापकांनी दोनदा सांगितलं, जणू त्यात काही दिलासा होता.

२

चार दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. लेकीनं स्वयंपाकघर, फोन, कागदपत्रं, सगळं हातात घेतलं. रविवारी तिला परत जाणं भागच होतं. निघताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला. निदान महिनाभर."

"बघू. इथलं जरा मार्गी लावतो."

"इथलं म्हणजे काय?"

ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "मासे आहेत," ते म्हणाले.

सोमवारी दुपारी मासेवाली आली. खायचे नव्हेत, बघायचे मासे विकणारी. तिचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, आणि शाळेत असताना प्रयोगशाळेतल्या बशा धुता धुता तिला मासे पाळायचं वेड मजलेकरांच्या बायकोनंच लावलं होतं. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "काका, टाकी बघू का जरा?"

मजलेकर तिच्यामागून मागच्या खोलीत गेले. चार दिवस लेकच तिथे चिमूटभर खाणं टाकत होती. मासेवाली वाकली आणि तशीच राहिली.

"काका, डोळे आलेत."

"कुणाला?"

"अंड्यांना. हे बघा, चंदेरी ठिपके. प्रत्येकात दोन. आज फुटणार ही."

मजलेकर वाकले. फरशीवर करड्या दाण्यांचा एक डाग होता, आणि त्या डागातून शेकडो बारीक डोळे त्यांच्याकडे बघत होते. कारकून त्यांच्यापुढे उभा राहून वारा घालत होता. त्याचं काम थांबलंच नव्हतं.

"मग आता काय करायचं?"

"काही केलं नाही, तर हेच आईबाप त्यांना खाऊन टाकतील. बाई फरशी उचलून छोट्या टाकीत ठेवायच्या. वहीत लिहिलेलं असेल सगळं." ती जरा घुटमळली. "मी घेऊन जाऊ का? दुकानात वाढवते."

"नको," मजलेकर म्हणाले. "तिनं सुरू केलंय. मी पुरं करतो."

३

वही फळीवर होती. अक्षर तिचं, गोल आणि घट्ट. 'फरशी पाण्याबाहेर काढायची नाही. पातेलं बुडवून पाण्यासकट न्यायची. खाली हवेचे बुडबुडे सोडायचे, अंड्यांना वारा लागला पाहिजे. घाई करायची नाही. घाई असलेल्यांनी बाहेर बसून पेपर वाचावा.'

ते शेवटचं वाक्य मजलेकरांनी तीनदा वाचलं.

छोट्या टाकीला चारही बाजूंनी काळा कागद लावलेला होता आणि वर टेबललॅम्पएवढा एक मंद दिवा. फरशी तीत ठेवून ते स्टुलावर बसले. चारला टायमरनं टक् केलं आणि अंधार झाला. पाऊण तासानं त्यांनी टॉर्चला रुमाल गुंडाळून उजेड पाण्यावर धरला.

फरशीवरून धुळीसारखं काहीतरी सुटत होतं. एक कण, मग चार, मग मोजता येईनात इतके. प्रत्येकाला दोन डोळे आणि मागे केसाएवढं शेपूट. ते वर येऊन उजेडाखाली जमत होते, आपटत होते, पुन्हा येत होते. एकतीस वर्षं यंत्रं उघडलेल्या माणसानं इतकं बारीक आणि इतकं चालू काही पाहिलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "हे तर..."

आणि मग ते बराच वेळ तसेच बसून राहिले, रुमालातल्या टॉर्चचा उजेड पिवळा पडेपर्यंत.

४

पिल्लांना दोन वेळा खाणं. सकाळी सहाला आणि दुपारी साडेतीनला. खाणं म्हणजे मिठाच्या पाण्यात बाटलीतच वाढणारे जीव, डोळ्याला पांढऱ्या भुकटीसारखे दिसतात. त्यांचं नाव मोठं आणि परकं होतं, म्हणून ती त्यांना 'पिठी' म्हणायची. दुसऱ्या बाटलीत हिरवं पाणी. ड्रॉपरनं आधी पिठी, मग हिरवं पाणी, पाण्याला चहाच्या गाळणीतून आल्यासारखा फिकट रंग येईपर्यंत. एक वेळ चुकली तर बरीचशी पिल्लं सकाळपर्यंत टिकत नाहीत, असं वहीत खाली रेघ मारून लिहिलं होतं.

मंगळवारी मजलेकर कामावर रुजू झाले. अडीचला निघायचं ठरवलं होतं. पण दोन वाजता एका इमारतीत एक बाई दोन मजल्यांच्या मधे अडकली, आणि तिला बाहेर काढून, पाणी पाजून, तिच्या मुलाची बोलणी खाऊन घरी पोहोचेपर्यंत साडेपाच झाले.

चपला न काढताच ते मागच्या खोलीत गेले. मेलेली पिल्लं तळाशी पांढरी दिसतात, असं वहीत होतं. त्यांनी टॉर्च लावला.

पाणी ताजं हिरवं होतं. पिल्लं वर तरंगत होती, आणि प्रत्येकाच्या कणभर पोटात काहीतरी चमकत होतं. फळीवर एक पंचा चौघडी घालून ठेवलेला होता आणि त्यावर धुतलेला ड्रॉपर, टोक खाली झुकवून.

सकाळी मीच दोन वेळचं घातलं असेल, असं मजलेकरांनी ठरवलं. डोकं ठिकाणावर नाही, झोप नाही. ड्रॉपर मात्र त्यांनी सकाळी पाण्याच्या पेल्यात उभा ठेवला होता. तेही चुकीचं आठवत असेल. माणूस सवयीनं काहीही करतो.

पंच्याची चौघडी त्यांनी उलगडून पाहिली. मधे ओली होती.

५

बिघाड कुठे आहे ते कळत नसेल, तर एकेक तार सोडवून बघायची, ही त्यांची पद्धत. बुधवारी सकाळी पिल्लांना खाणं दिल्यावर त्यांनी दोन्ही बाटल्यांवर पाण्याच्या पातळीशी मार्करनं रेघ मारली. दार ओढून घेतलं आणि दार आणि चौकट यांवर खाली, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, बोटभर काळी टेप चिकटवली. शेजारणीकडे घराची एक किल्ली असायची, ती मागून घेतली.

"काही हरवलं का हो?" शेजारीण म्हणाली.

"नाही. कुलूप बदलायचंय."

त्या दिवशी ते मुद्दामच उशिरा आले. टेप जशीच्या तशी होती. नख लावून काढली तेव्हा चौकटीचा रंग तिच्याबरोबर निघाला, म्हणजे मधे कुणी काढून परत लावलेली नव्हती. आत पाणी हिरवं. ड्रॉपर पंच्यावर. बाटल्यांमधलं पाणी रेघेच्या बोटभर खाली.

गळती, मजलेकर म्हणाले. मग बाष्प. मग, बाटली तिरकी ठेवली असेल. एकेक कारण त्यांनी उचलून पाहिलं आणि ठेवून दिलं. शेवटी ते स्टुलावर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. वाटत होतं ते दुसरंच काही होतं. ते काय आहे, याचं नाव घ्यायला त्यांना धीर होईना.

६

गुरुवारी त्यांनी अर्धा दिवस सुट्टी घेतली. तीनलाच खोलीत जाऊन दार आतून लोटून घेतलं आणि कपाटाच्या आडोशाला, बादल्यांच्या मधे, खाली बसले. छोट्या टाकीवरच्या दिव्याचा बशीएवढा उजेड फळीवर पडला होता. बाकी खोली काळी. पंपाची घरघर, बुडबुडे, बाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

नजर दारावर ठेवून ते बसले होते. दार हललं नाही. आवाज आला तो टाकीकडून. बाटलीचं झाकण फिरल्याचा.

दिव्याच्या उजेडात एक हात होता. बाही दोनदा दुमडून कोपरापर्यंत नेलेली. ड्रॉपर पाण्यावर धरून थेंब पडत होते, एकसारखे, घाई नाही. करंगळी बाकी बोटांपासून वेगळी, सरळ ताठ. लहानपणी झोपाळ्यावरून पडून ती मोडली होती, तेव्हापासून वाकत नसे. खांद्याच्या वर उजेड पोहोचत नव्हता. तिथे फक्त अंधार जरा दाट होता, आणि त्या अंधारातून पुटपुटणं येत होतं. "दहा... वीस... तीस..."

ती पिल्लं मोजत होती.

"अगं," मजलेकर म्हणाले.

थेंब थांबले नाहीत. "चाळीस... पन्नास..."

"अगं, मी आहे."

ते उठायला गेले, तो बादली लवंडली आणि मोठा आवाज झाला. हातानं झाकण लावलं. ड्रॉपर विसळला. चौघडीवर ठेवला, टोक खाली झुकवून. मग टायमरनं टक् केलं आणि सगळं विझलं.

पायाला आलेल्या मुंग्या उतरेपर्यंत मजलेकर तिथेच बसले. दिवा लावला तेव्हा ड्रॉपरच्या टोकाला एक थेंब अजून लोंबत होता.

७

त्यानंतर मजलेकरांनी रजाच टाकली. रोज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते तीनला त्या खोलीत जाऊन बसायला लागले.

ते बोलायचे. लेकीचा फोन आला होता, नात बरी आहे. अडकलेल्या बाईच्या मुलानं नंतर फोन करून माफी मागितली. शाळेतून तुझी कपाटाची किल्ली मागायला माणूस आला होता, ती कुठे ठेवलीस? बारा खेपा न बघितल्याबद्दल ते बोलले, तेव्हा मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून बोलले. हात काम करत राहायचा. रोज ते स्टूल वीतभर पुढे सरकवायचे. शनिवारी त्यांनी आपला तळहातच थेंबांखाली धरला. थेंब हातावर पडला, गार, खारट. ड्रॉपर क्षणभर थांबला, तसूभर बाजूला सरकला, आणि पुढचा थेंब पाण्यात पडला. वाटेत खुर्ची असली की आपण वळसा घालून जातो, तसा.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आवाज बरा वाटतोय आज. जेवताय ना?"

"हो. तुझी आई..." मजलेकर बोलून गेले. "तुझ्या आईची पिल्लं मोठी होतायत."

आणि ती खरंच होत होती. त्या मानानं तिचं काम मात्र आटत चाललं होतं. गुरुवारी भरवायला अर्धा तास लागला होता. मजलेकरांनी घड्याळ लावून पाहिलं, कारण मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शुक्रवारी सव्वीस मिनिटं. शनिवारी एकवीस. रविवारी चौदा. सोमवारी नऊच मिनिटांत झाकण लागलं, आणि दिवा विझायच्या कितीतरी आधी फळीपाशी कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळीच मासेवाली येऊन गेली होती. वाकून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "काका, तुम्ही कमाल केलीत. दीडशेच्या वर आहेत. पहिल्या खेपेला माझी चार उरली होती."

"आता पुढे?"

"दोन-तीन दिवसांत डोक्याशी पहिला पांढरा पट्टा येईल. पट्टा आला की सुटलात. मग पिठी नको, काही नको, दुकानातली पूड चिमूटभर टाकली की झालं. बाई म्हणायच्या, पट्टा आला की माझं काम संपलं."

"असं म्हणायची?"

"नेहमी."

ती गेल्यावर मजलेकर दार लावून तिथेच दाराला टेकून उभे राहिले.

८

मंगळवारी सकाळी त्यांनी पिठीची बाटली मोरीत ओतली.

एका दिवसानं काय होतंय, असं ते मनाशी म्हणाले. दुकान दोन गल्ल्यांवर आहे, उद्या नवी आणू. सकाळचं खाणं दिलं नाही. पिल्लं काळ्या कागदाजवळ फेऱ्या मारत होती, तोंडं उघडत-मिटत. मजलेकरांनी तिकडे पाहिलं नाही.

साडेतीनला हात आला. फळीवर बाटली होती, रिकामी. हातानं ती उचलली, हलवली, उजेडात धरली, खाली ठेवली. मग फळी चाचपायला सुरुवात केली. वही, मार्कर, रिकाम्या बरण्या, फळीची मागची कड. पुन्हा पहिल्यापासून. मोजणं थांबलं होतं. चार वाजले, दिवा गेला, तरी अंधारात चाचपणं ऐकू येत होतं. कपाटाचं दार उघडलं. बादल्या सरकल्या. एकदा तर सदऱ्याच्या बाहीजवळून काहीतरी गेलं, ओल्या, खाऱ्या वासाचं, आणि मजलेकरांनी डोळे मिटून श्वास आत ओढला.

साडेपाचपर्यंत ती खोलीत होती. दोन तास.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मजलेकर खुशीत होते. त्यांनी कुकर लावला, पोटभर जेवले, रेडिओ लावला. आणखी एकच दिवस, असं स्वतःला बजावून ते झोपले, आणि बुधवारी सकाळी ते दुकानाकडे गेलेच नाहीत.

९

बुधवारी साडेतीनला ते दिव्याच्या अगदी जवळ बसले होते. गुडघे फळीला टेकत होते. टाकीत त्यांनी बघितलं नव्हतं, पण बघण्याची गरजही नव्हती. बुडबुड्यांबरोबर काहीतरी पांढरं वर येत होतं आणि पुन्हा खाली जात होतं.

हात आला. आज तो बाटलीकडे गेलाच नाही. पाण्यावर येऊन थांबला आणि तसाच राहिला, बोटं किंचित पसरलेली. पंप चालू होता. बाकी कसलाच आवाज नव्हता. मग दोन बोटं पाण्यात उतरली, एक पांढरं पिल्लू त्यांवर आलं, आणि हात वर, उजेडाच्या वर, अंधारात गेला, जिथे तिचा चेहरा असणार होता.

"मी उद्या आणणार होतो," मजलेकर म्हणाले. "देवाशपथ. अगं, तू जाणार होतीस. पट्टा आला की तू जाणार होतीस."

अंधार खाली वाकला.

सात दिवस त्यांनी याचीच वाट पाहिली होती. दिव्याच्या कडेनं आधी हनुवटी आली, मग ओठ, मग डोळे. तिचेच. आणि ते मजलेकरांकडे बघत होते, थेट, पहिल्यांदाच. त्यांची तिच्या रागाची तयारी होती. तिचा राग त्यांना पाठ होता, तेहेतीस वर्षांचा. रागावली असती तर त्यांनी तो अंगावर घेतला असता, सुखानं.

ती रागावलेली नव्हती. ती घाबरली होती.

एकटं काम करत असताना मान वर करावी आणि अंधाऱ्या खोलीत आपल्या शेजारी, हातभर अंतरावर, कुणीतरी बसलेलं दिसावं, तसे तिचे डोळे होते. ती एक पाऊल मागे सरली. एक हात मात्र तिनं पुढेच ठेवला, आडवा, टाकी आणि मजलेकर यांच्या मधे.

"अगं, मीच..." म्हणत त्यांनी हात पुढे केला, आणि फळीपाशी कुणी नव्हतं. दिवा चालू होता. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती.

१०

ते अनवाणीच दुकानात गेले.

"काका? काय झालं?"

"पिठी दे. सांडली माझ्याकडून."

मासेवालीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि काही न विचारता दोन बाटल्या पिशवीत घातल्या.

अकरा पिल्लं जगली. मजलेकरांनी ती दोन्ही वेळा स्वतः भरवली. सात-आठ दिवसांत त्यांना पट्टे आले, आधी डोक्याशी, मग मधे, आणि एके सकाळी बघतात तर अकरा नखाएवढे क्लाऊनफिश, अगदी आईबापांसारखे. फळीपाशी कुणी आलं नाही. मजलेकर रोज साडेतीनला तिथे होते, आधी बोलत, मग नुसतेच. लेक भेटायला आली तेव्हा टाकीपुढे वाकून म्हणाली, "अकराच? आईची तर शंभरावर असायची."

"अकराच," मजलेकर म्हणाले.

वहीत तेराव्या खेपेसमोर त्यांनी तेवढाच आकडा लिहिला. अकरा मासे मासेवाली घेऊन गेली. मजलेकर पुन्हा कामावर जायला लागले. मधे एका इमारतीतून तक्रार आली, लिफ्ट आपोआप थांबते, दार उघडतं, बाहेर कुणी नसतं. ते गेले, रिले बदलला, आणि जुना मुकाट्यानं पिशवीत टाकून निघून आले.

महिन्याभरानं बाईसाहेबांनी फरशीवर पुन्हा अंडी घातली. कारकून वारा घालायला उभा राहिला. आठव्या दिवशी मजलेकरांनी पातेलं बुडवून, घाई न करता, फरशी छोट्या टाकीत नेली. सकाळी सहाचं खाणं ते द्यायचे. दुपारी दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरून फळीवर ठेवायचे, पंचा चौघडी घालून ठेवायचे, आणि तीनच्या आतच बाहेर येऊन दार ओढून घ्यायचे. मग घरातल्याच बोळात भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचे. चारपर्यंत आत जायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. चार वाजून गेल्यावर आत जाऊन बघायचे. पिल्लं उपाशी असायची. मग ते स्वतः भरवायचे.

पहिले दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी साडेतीनला दाराआड झाकण फिरल्याचा आवाज आला.

मजलेकरांनी तोंडावर हात दाबून धरला. थेंब काही इतक्या दूर ऐकू येत नसतात, पण पुटपुटणं येत होतं. "दहा... वीस..." आवाज मोकळा होता, घरी कुणी नाही असं समजून माणूस बोलतो तसा. साठपर्यंत ते ऐकत राहिले. गाल ओले झाले होते ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही. सत्तरला त्यांचा गुडघा कटकन वाजला.

मोजणं थांबलं.

पावलं आली. सावकाश, एकेक, दारापर्यंत. दार प्लायवूडचं, बोटभर जाड. त्याच्या पलीकडे ती उभी होती आणि ऐकत होती, आणि अलीकडे मजलेकर श्वास धरून बसले होते. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही. मग आतून कडी सरकली. हळूच, बाहेरच्याला कळू नये अशी, आणि शेवटपर्यंत.

मजलेकर भिंतीला धरून उठले. चपला हातात घेतल्या, घराचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि पाच मजले खाली जाऊन रस्त्यावर उभे राहिले. गेले ते जिन्यानं. लिफ्टचं दार वाजतं.